वळवलेले ऊन

सकाळचे ऊन पाणंद गल्लीत कधी घाईने येत नसे. आधी ते तालमीच्या कौलांवर उतरे आणि तिथेच थोडा वेळ रेंगाळे, खाली जावे की नाही याचा विचार करत असल्यासारखे. मग कौलांच्या कडेवरून घसरून नळाच्या ओट्यावर येई. तिथल्या ओल्या दगडात त्याचा एक पिवळट तुकडा थरथरत राही. पुढे ते भिंत धरून चाले. चुन्याचे पोपडे, खिळ्याला टांगलेली पिशवी, चौकटीवरचे सुकून तपकिरी झालेले आंब्याच्या पानांचे तोरण, यांतले काहीही ते वगळत नसे. उंबऱ्यापाशी त्याचा रंग बदले. बाहेर सायीसारखे, आत शिरताना हळदीच्या पाण्यासारखे. त्यात विशेष काहीच नव्हते. कुठल्याही गल्लीत पडते तसेच ते ऊन होते.

टेकडीवरच्या प्रयोगशाळेच्या पूर्वेकडील खिडकीतून सारंग हेर्लेकर रोज दुर्बिणीने ते पाहत असे. दोन वर्षांत त्याची एकही सकाळ चुकली नव्हती. त्या उन्हात खटकण्याजोगी एकच गोष्ट होती, आणि माहीत असल्याखेरीज ती ध्यानात येत नसे. सकाळचे आठ वाजले असताना गल्लीतल्या सावल्या पूर्वेकडे पडत.

"झाली का सही?" डॉ. नसीमा मुजावर यांनी चपला दाराशी काढत विचारले. त्या साथरोगांच्या संख्याशास्त्रज्ञ. प्रकल्पाचा अंतिम अहवाल तपासण्यासाठी तीन दिवस कोल्हापुरात मुक्कामाला आल्या होत्या.

"दुपारपर्यंत करतो, मॅडम."

"असंच ऊन मिळावं म्हणून एकोणीस वस्त्या तुझ्या सहीसाठी खोळंबल्यात. त्याआधी मला हे सगळं एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. शाळेतल्या मुलांना सांगतोस तसं."

सारंगला माणसांविषयी बोलणे अवघड जाई; उन्हाविषयी नाही. तो खिडकीपासून वळला. "गल्लीच्या पूर्वेला आणि दक्षिणेला चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. जमिनीपर्यंत ऊन पोचेना. म्हणून आपण टेकडीमागच्या जुन्या दगडखाणीवर उंच खांब उभारले आणि त्यांवर किरणशिडं ताणली. केसाहून पातळ पडदे आहेत ते. सूर्य सरकेल तशी त्यांच्या आतल्या थरांची रचना बदलते आणि पडलेला किरण हव्या त्या कोनात परत जातो. खाणीवर पडायचं ते ऊन टेकडीवरून गल्लीत उतरतं. याला आम्ही किरणवळण म्हणतो."

"म्हणजे ऊन वाढत नाही."

"नाही. ऊन तयार करता येत नाही, फक्त वळवता येतं. इथे जेवढं आलं, तेवढं तिथे कमी झालं."

"आणि तिथे?"

"तिथे पडीक खाण आहे, मॅडम. नकाशात मनुष्यवस्ती शून्य."

"नकाशा कधीचा?"

"पाच वर्षांपूर्वीचा."

पश्चिमेच्या खिडकीपुढे उपकरणांचे कपाट उभे होते. नसीमाबाईंनी त्या कपाटाकडे पाहिले आणि अहवालाचे पान उलटले.

"दोनशे बारा घरं. दोन वर्षांत खोकला जवळजवळ पाव हिश्श्यावर आला. ऊन आलं, ओल गेली, आजार घटला. इथपर्यंत मला पटतं. पण इतक्या लवकर? सारंग, आकडे इतके देखणे असले की मला भीती वाटते. माणसं तीच आहेत ना?"

"घरं तीच आहेत."

"मी माणसांचं विचारलं."

"नावं नोंदवायची नाहीत, ही त्यांचीच अट होती," सारंग म्हणाला, आणि ही अट त्याला त्या क्षणी फार सोयीची वाटली.

तीन वर्षांपूर्वी पाणंद महिला मंडळाच्या अकरा बायका टेकडी चढून वर आल्या होत्या. पापड करून घर चालवणाऱ्या. सगळ्यांच्या पुढे हौसाक्का; किडकिडीत, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, आणि दर चार वाक्यांनंतर खोकला. दोनदा आखूड, एकदा लांब. दार ठोठावून कुणी वाट पाहत थांबावे तसा.

गल्लीत तेव्हा उन्हाचा एकच तुकडा येई. तालमीपुढच्या फरशीवर, दुपारी सव्वा तास, दोन इमारतींमधल्या फटीतून. त्या तुकड्याची पाळी असे. हौसाक्का गेरूने फरशीवर रेघा ओढून ठेवत, आणि रेघेरेघेने घरे बदलत. कुणी पापडाच्या चादरी पसरी, कुणी ओली गादी. पण एखादीकडे तान्हे मूल असले, कुणी आजारातून उठले असले, तर तिला आपली पाळी सोडायची आणि उपकार म्हणून बोलायचे नाही, असा तिथला शिरस्ता होता.

"सव्वा तासात दोनशे घरं कशी वाळायची, सायेब?" हौसाक्का म्हणाल्या होत्या. "आमाला पैका नगं, धान्य नगं. ऊन तेवढं द्या. खड्डे आमी खणतो."

सारंग काहीतरी उत्तरला होता.

"बोलताय का नुसतंच व्हट हलवताय वो? आमी काय खानार न्हाई तुमास्नी." अकराही जणी हसल्या होत्या. सारंगही हसला होता, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर त्याला जाणवले होते की आपण फार दिवसांनी हसलो.

खड्डे त्यांनीच खणले. पाच महिने, दर रविवारी, घरटी एक माणूस खाणीच्या कडेवर पहार घेऊन उभे राही. खांबांचे पाये त्यांच्या हातचे होते. प्रत्येक घराच्या भिंतीत एक श्वासवेधी बसवायचा होता. फक्त श्वास आणि खोकला टिपणारी, शब्द न ऐकणारी छोटीशी डबी. तेव्हा हौसाक्कांनी बोट उगारून सांगितले होते, "डबी लावा, पर नाव घ्यायचं न्हाई. पोरींची लग्नं जमायची हाईत. छातीचं दुखणं म्हटलं की सोयरीक मोडती." त्यामुळे नोंद घराच्या क्रमांकाने झाली. हौसाक्कांचे घर सत्तेचाळीस.

ऊन पहिल्यांदा उतरले त्या दिवशी बायकांनी सारंगला मधोमध उभे करून ओवाळले. तबकातल्या ज्योतीसमोर कुठे पाहावे ते त्याला कळेना. त्यानंतर तो गल्लीत कधी गेला नाही. लोकांचे प्रेम दुरून बघणे त्याला जमे. समोर उभे राहून घेणे जमत नसे. त्याऐवजी तो रोज सकाळी दुर्बिणीतून ऊन पाहत असे आणि मग कानाला यंत्र लावून सत्तेचाळीस क्रमांकाचा खोकला ऐकत असे.

गेल्या नोव्हेंबरात, चौदा तारखेला, त्या घरातून खोकल्याची एक मोठी उबळ आली. डबीच्या अगदी जवळ, दहा-बारा वेळा. मग शांतता. दुसऱ्या सकाळी तिथून एक सावकाश, खोल श्वास ऐकू आला. बरे झालेले माणूस असाच श्वास घेत असेल, असे सारंगने ठरवले. त्या दिवशी त्याने एकट्यानेच पेढे खाल्ले होते. पुढे प्रत्येक व्याख्यानात तो घर क्रमांक सत्तेचाळीसची गोष्ट सांगू लागला.

"मी हौसाक्कांना घेऊन येतो," तो नसीमाबाईंना म्हणाला. "तुम्हीच विचारा त्यांना."

"जा. पण सही करून जाऊ नकोस."

गल्लीत ऊन भरपूर होते. दारोदारी निवडुंगाच्या आणि गुलाबाच्या कुंड्या होत्या. पापडाची एकही चादर नव्हती. सत्तेचाळीसचे दार एका तरुणाने उघडले. त्याच्या मागच्या भिंतीत डबीचा हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"हौसाबाई? नाही हो, आम्ही नोव्हेंबरपासून आहोत इथे. किती सुंदर ऊन येतं ना? जाहिरातीतच लिहिलं होतं, दिवसभर नैसर्गिक प्रकाश."

सारंग माफी मागून मागे सरला. तालमीच्या पायरीवर खंडू वस्ताद बसले होते. त्यांनी त्याला ओळखले, पण उठले नाहीत.

"आता उजाडलं व्हय तुमाला?" ते म्हणाले.

"सगळे कुठे गेले, वस्ताद?"

"ऊन आलं, तशी घरमालकं जागी झाली, भाडी चढली. अंधारात होतो तवर कोन इचारत नव्हतं आमाला. एकेक चूल उठली. खाणीत ऱ्हात्यात सगळी. तिकडच्या अंधारात कोन भाडं मागाय येतंय?" त्यांनी पायाजवळची फरशी दाखवली. गेरूच्या रेघा पुसट झाल्या होत्या. "आता पाळी लागत न्हाई हितं. सगळ्यांस्नी ऊन हाय. पर एकाला दुसऱ्याचं नाव ठाव न्हाई."

खाणीकडे उतरणाऱ्या वाटेवर सारंगला स्वतःची शिडे पहिल्यांदाच खालून दिसली. वरून ती चांदीसारखी चमकत. खालून काळी होती. भर दुपारी खाणीत संध्याकाळ होती. दगडी कड्यांना ओल सुटली होती. कड्याला टेकून पत्र्यांच्या खोल्यांच्या तीन रांगा उभ्या होत्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत, ठळक कडांचा, उन्हाचा एक लांबट तुकडा पडला होता. त्याने वर पाहिले. दोन शिडांमध्ये वाऱ्याचा ताण निघून जावा म्हणून त्याने हातभर फट ठेवली होती.

तुकड्याच्या कडेला बसून हौसाक्का दगडावर गेरूने रेघ ओढत होत्या. उन्हात दुपट्यावर एक तान्हे मूल मुठी आवळून झोपले होते. पापडाच्या चादरी बाजूला सावलीत घडी घालून ठेवल्या होत्या.

"आलासा व्हय सायेब?" त्या म्हणाल्या आणि खोकल्या. दोनदा आखूड, एकदा लांब. "बसा. पर उनात नगं. आज शेवंताच्या बाळाची पाळी हाय."

सारंग ओल्या दगडावर बसला. त्याने विचारले, "आक्का, मला कळवलं का नाही?"

"तुमास्नी? कुटं गाठायचं? टेकडीवर आता राखनदार सोडत न्हाई. गल्लीत तुमी येत नव्हता." त्यांनी रेघ पुरी केली. "डबीत बोलून काय उपेग? शब्द ऐकत न्हाई, निस्ता खोकला ऐकती, असं तुमीच म्हनला हुतासा. म्हनून बोचकं बांधल्यावर डबीच्या म्होरं हुबी ऱ्हायले आन् मुद्दाम खोकले. चांगली धा-बारा येळा. म्हटलं, सायबाला कळंल, म्हातारी निघाली."

सारंगने मान खाली घातली. बाळाच्या टाचेवरून ऊन बोटभर सरकले होते. आपोआप, कुणी काही न सांगता, हौसाक्कांनी दुपटे बोटभर ओढले.

"एक मागू का?" त्या म्हणाल्या. "हितं बी एक शीड लावा की. पलीकडच्या माळावर रग्गड ऊन हाय, कुनी ऱ्हात न्हाई तितं. खड्डे आमी खणतो. म्या न्हाई, पर ह्या पोरी हाईत."

त्याने माळाकडे पाहिले. पलीकडे खरोखरच कुणी राहत नव्हते. नकाशात मनुष्यवस्ती शून्य आली असती. खाणीत ऊन आले असते, मग जाहिरात, मग बोचकी. आणि मग माळावरच्या नव्या अंधारात कुणीतरी गेरूचा खडा घेऊन बसले असते. किरणांचे गणित त्याला पाठ होते. तेच गणित माणसांना लागू पडते, एवढेच त्याने कधी मांडून पाहिले नव्हते.

"विचार करतो, आक्का."

"व्हट हलवू नगासा. मोठ्यानं बोला."

"आता नाही लावता येणार," तो मोठ्याने म्हणाला. हौसाक्कांनी त्याच्याकडे नीट पाहिले. त्यांनी मांडीवरची गेरूची पूड झटकली.

खिशातला फोन वाजला. नसीमाबाई होत्या. "सापडल्या का तुझ्या हौसाक्का?"

"सापडल्या."

"बऱ्या आहेत?"

शेजारी पुन्हा खोकला आला. सारंगने तो संपेपर्यंत फोन दूर धरला नाही.

"मॅडम, मी सही करत नाही. माणसं ती नाहीत."

"नोंदीत नावं नव्हती," त्या थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या. "तुला कळायला मार्गच नव्हता."

ही पळवाट होती. सभ्य, शास्त्रीय, आणि कुणीही मान्य केली असती अशी. सारंगने उन्हाच्या तुकड्याकडे पाहिले. तो आता बाळाच्या कपाळावरून उतरत होता.

"होता, मॅडम," तो म्हणाला.

पंधरा नोव्हेंबरच्या सकाळी घर क्रमांक सत्तेचाळीसमधून आलेला श्वास हौसाक्कांचा नव्हता, आणि ते त्याला तेव्हाच ऐकू आले होते.