बारा ठीक

आधीच सांगते, मला कथा रचता येत नाही. मी पॅराशूटच्या घड्या घालते आणि वर्षातून चार-सहा उड्या मारते, एवढंच. हे मागच्या वर्षी माझ्याबाबतीत घडलंय. मामाला विचारूनच लिहितेय.

स्मृतिदिनाची सकाळ होती. पावणेअकरा वाजलेले. लख्ख ऊन.

युद्धात आमच्या गावाबाहेरच्या मैदानावर छत्रीधारी सैनिक उतरवले होते. एका विमानातून अकरा जणांनी उडी मारली, आणि अकराही जण हवेतच गोळ्या लागून गेले. बाराव्याची पाळी यायच्या आत विमान पेटलं. त्याने उडीच मारली नाही, म्हणून स्मारकावर नावं अकरा. त्यांच्या आठवणीत दरवर्षी आम्ही उड्याही अकराच मारतो.

यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

विमानाच्या दारापाशी उभं राहून एकेकाला सोडायचं काम मामाचं. तीस वर्षं. त्याने खांद्यावर थाप मारल्याशिवाय कुणी हलायचं नाही. "घाई असेल त्याने बसने जावं," म्हणायचा.

रांगेत मी शेवटची. माझ्या मागे रिकामं विमान.

सगळ्यांनी आपापले पट्टे डोक्यावरच्या तारेला अडकवले. उडी मारली की हा पट्टा ताणला जातो आणि पॅराशूट उघडतं. मग मोजणी. ती मागून पुढे होते, म्हणजे सुरुवात माझी.

मी तोंड उघडलं...

"बारा ठीक!"

माझ्या मागून.

तरुण आवाज. अगदी कानाशी. आणि खांद्यावर थाप... मागचा पुढच्याला मारतो तशी.

माझी पाचावर धारण बसली. पण अंगवळणी पडलेलं कुठे जातंय? तोंडातून आपोआप निघालं, "अकरा ठीक!" आणि मोजणी पुढे गेली.

मागे वळायचा धीर झाला नाही. मामाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. तो माझ्याकडे बघतच नव्हता...

माझ्या मागच्या तारेकडे बघत होता.

हिरवा दिवा लागला. एकेक जण गेला. माझ्या खांद्यावर मामाची थाप पडली, आणि मी उडी मारली.

खाली आम्ही अकराही जण सुखरूप उतरलो. मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले. आकाशात आणखी कुणी नव्हतं.

मला हायसं वाटलं. किती मूर्ख होते मी.

मामा त्या दिवशी तडक घरी गेला. आठ दिवसांनी बोलला.

"तुमचे अकरा पट्टे दाराबाहेर फडफडत होते गं. बारावा तारेवर मागेच होता. नुसता लोंबत नव्हता... कुणाच्या तरी पाठीला बांधल्यासारखा ताठ. सरकत सरकत दारापर्यंत आला. माझ्यासमोर थांबला."

"मग?"

"थाप मागत होता तो. मी हात उचललासुद्धा. पण हाताला काही लागलं असतं तर? घाबरलो. दार लावून घेतलं."

"आणि तो?"

"विमान उतरलं तेव्हा उतरला. माझ्या मागोमाग."

मी हसण्यावारी नेणार, तोच मामी म्हणाली, "हसू नकोस. आपलं पुढचं दार आपोआप मिटतं ना? हे आत आले की मिटत नाही. एक माणूस आत येईल एवढा वेळ... उघडंच राहतं."

वर्ष झालं. मामा वाळून काडी झालाय. झोप नाही, अन्न जात नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, यापुढे विमानात पाऊल ठेवायचं नाही.

"घरातून 'जा' म्हणून ओरडून पाहिलं," मामा सांगतो. "हलत नाही. शिस्तीचा आहे पोरगा. विमानाच्या दारातूनच जाणार."

स्मारक समितीला मी बारावं नाव कोरायला सांगितलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षापर्यंत मामा राहील, असं मला वाटत नाही.

येत्या रविवारी स्मृतिदिन आहे. मामाच्या जागी दारापाशी मला उभं केलंय. मामा फक्त शिडीपर्यंत येणार, त्या पोराला वर चढवणार आणि मागे फिरणार.

अकरा जण उड्या मारून जातील. मग आम्ही दोघंच.

थाप मी मारणार, हे नक्की. आई गेल्यावर मामानेच मला वाढवलंय, त्याला असं झिजून मरू देणार नाही.

पण तो पोरगा पेटत्या विमानात गेलाय... खांद्यावर हात टेकल्यावर त्याने वळून माझ्याकडे पाहिलं तर?

चार रात्री डोळ्याला डोळा नाही.