नावेतली शिडी

फोटो धुऊन देणाऱ्या दुकानाच्या काचेत तिने काढलेला फोटो लावला होता, आणि त्याखाली नाव दुसऱ्याचंच होतं.

पाऊस भुरभुरत होता, बस यायला अवकाश होता, म्हणून ती त्या दुकानाच्या पत्र्याखाली थांबली, एवढंच. सहज मान वळवली... आणि काचेआड तीच नाव! नावेत आडवी टाकलेली लांबलचक शिडी, आणि जागाच उरली नाही म्हणून शिडीच्या एकेका खणात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एकेक उतारू. जशी काही प्रत्येकाला आपापली खोलीच मिळाली होती. शेवटच्या खणात शिडीवाल्याची बायको, चेहरा किंचित वळवून हसणारी. खाली पाटी – ‘प्रवास-छायाचित्र स्पर्धा, प्रथम क्रमांक’, आणि ठळक अक्षरांत दुकानाच्या मालकाचं नाव.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठवड्याचे सहा दिवस ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, काचा घासायची. सातव्या दिवशी मिळेल ती पहिली बस धरायची. जुन्या बाजारात एका चपलेच्या जोडाच्या किमतीत मिळालेला कॅमेरा गळ्यात असायचा – रोल घालायचा, खटका जड झालेला, उजेड मोजणारा काटा कधीच मेलेला. उजेड ती डोळ्यांनीच मोजायची. छत्तीस फोटोंचा एक रोल दोन महिने पुरवायची, आणि मग याच दुकानात धुवायला टाकायची. त्या बाईने मान वळवावी म्हणून ती पाऊण तास नावेत अवघडून उभी राहिली होती. पाऊण तास!

तेवढ्यात दुकानातून एकजण फडकं घेऊन बाहेर आला आणि काच पुसू लागला. सडपातळ, शांत चेहऱ्याचा, बोटांची टोकं औषधांनी पिवळी पडलेली.

“हा फोटो कुणाचा?” तिने विचारलं.

“मालकांचा,” तो म्हणाला. “छान आहे ना?”

“छानच आहे. मी काढलाय.”

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. दुसरा कुणी हसला असता, नाहीतर वाद घातला असता. याने नजर खाली वळवली, आणि तिथेच तिला कळलं.

“तुम्हाला माहीत आहे!”

“...हो.”

“कधीपासून?”

“रोल मीच धुतला तुमचा.”

“आणि तुम्ही काच पुसताय!”

आवाज ऐकून मालक बाहेर आले. पोट सावरत, तोंडात साखर घोळवत. “ताई, शिडीचे असे फोटो ढिगाने निघतात.” मग तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहून ते खो-खो हसले. “यातून काढला? या खेळण्यातून? पुरावा आणा, मग बोलू. आणि घरातली प्रत नको, नेगेटिव्ह आणा.”

घरी येऊन तिने दुकानातून आणलेलं नेगेटिव्हचं पाकीट उपडं केलं. सहा-सहा फोटोंच्या सहा पट्ट्या हव्या होत्या, पाचच निघाल्या. घेताना मोजायचं सुचलंच नव्हतं.

“काय वकीलसाहेब, आज कुणावर खटला?” वहिनीने विचारलं. घरात सगळे तिला वकीलसाहेबच म्हणत. तिने सगळं सांगितलं. दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “जाऊ दे गं. एक फोटोच तर आहे.”

“तुमच्या ऑफिसातून उद्या तुमची खुर्ची नेली,” वहिनी म्हणाली, “तर म्हणाल का, एक खुर्चीच तर आहे?”

दादाने पेपर जरा वर धरला. ती त्या दिवशी जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तो काच पुसणारा तिच्या दुकानात आला आणि तपासणीच्या खुर्चीत गुपचूप बसला. “डोळे... तपासायचेत.”

“वाचा.”

त्याने अगदी खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचून दाखवली.

“डोळे ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. “जीभ तपासायला हवी.”

त्याचे कान लाल झाले. त्याने खिशातून एक पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. आत सहावी पट्टी होती. मग अडखळत अडखळत त्याने सांगितलं – तो फोटो त्याला इतका आवडला, की त्याने स्वतःसाठी एक मोठी प्रत काढली आणि अंधाऱ्या खोलीत भिंतीला लावली. पट्टी परत पाकिटात घालायची राहून गेली. मालकांनी भिंतीवरचा फोटो पाहिला, कुणाचा म्हणून विचारलं, आणि एके दिवशी तो भिंतीवरून नाहीसा झाला. बक्षीस लागलं तेव्हा कुठे गेला ते कळलं.

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“पंधरा दिवस,” तो म्हणाला. “मामा आहेत ते माझे. वडील गेल्यावर आईला आणि मला त्यांनीच सांभाळलं. हे कामही त्यांनीच शिकवलं.”

तिचा राग क्षणभर डळमळला. ते तिला मुळीच आवडलं नाही. तिने पाकीट त्याच्याकडे परत सरकवलं.

“चोरून नेलेलं मी चोरून परत घेऊ? बक्षीस समारंभ तीन आठवड्यांनी आहे. तिथे या आणि सगळ्यांसमोर द्या.”

“मला चार माणसांत बोलता येत नाही हो...”

“मग शिका!”

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. आईच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता म्हणे. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याच चष्म्याचा दुसरा स्क्रू.

“तुमच्या आई चष्मा घालतात की आपटतात?” तिने विचारलं.

“आपटतो मीच,” तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून दाराकडे पाहू लागला.

तिला हसू आलं. तिने ते खोकल्यात घालवलं.

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. त्याने तिचा कॅमेरा मागून घेतला, मागचं झाकण उघडून दिव्यापुढे धरलं. कडेचं कापड झिजून तिथून उजेड शिरत होता. त्याने खिशातून काळ्या मखमलीची पट्टी काढली आणि चिमट्याने हळूच बसवू लागला. काउंटरवर दोघांची डोकी जवळ आली. ओल्या रेनकोटचा आणि कसल्याशा आंबट औषधाचा वास... तिने श्वास रोखला आणि मग स्वतःवरच चिडली.

“तुम्ही कुणाला पाठमोरं काढत नाही,” तो मान वर न करता म्हणाला. “चेहरा दिसेपर्यंत थांबता. छत्तीसच्या छत्तीस वेळा थांबला होतात. मी इतक्या लोकांचे रोल धुतो, पण असं कुणी थांबत नाही.”

असं बोलायचा याला काय अधिकार? रात्री केस विंचरताना तिने हाच प्रश्न आरशाला तीनदा विचारला. तिसऱ्यांदा वहिनीने ऐकला आणि ती गालात हसली.

समारंभ रविवारी सकाळी होता. सभागृह भरलेलं, स्टँडवर तिची नाव झळकत होती. ती वहिनीला घेऊन गेली, दुसऱ्या रांगेत बसली. तो कुठेच नव्हता. दारावर नजर ठेवून तिची मान दुखली, तरी तो आला नाही.

मालक माइकपुढे उभे राहिले. “भल्या पहाटे उठलो, नाव गाठली, आणि या साध्या माणसांमध्ये रमून गेलो...”

ती उभी राहिली. “ती शिडी कुठे चालली होती?”

मालक गडबडले. “शिडी ना... बांधकामावर.”

“फळबागेत! आधीच्या शिडीची पायरी मोडून त्या बाईचा दीर पडला होता, म्हणून नवी घेतली होती. आणि पहाट कसली? ऐन दुपार होती, सावल्या बघा की अंगाखाली! फोटो मी काढलाय.”

कुजबुज सुरू झाली. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, स्वतः नावाजलेल्या छायाचित्रकार. त्यांनी हात वर केला. “पुरावा आहे तुमच्याकडे?”

तिचे हात रिकामे होते. हातात आलेला पुरावा तिने तोऱ्यात परत केला होता... आणि कुणाला, तर त्या घुम्या माणसाला! संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मालक माइकपुढे मंद हसत होते.

“आहे!”

दारात तो उभा होता. भिजलेला, पाकीट छातीशी धरलेलं. सगळ्या माना वळल्या. तो एकेक पाऊल पुढे आला.

“हा रोल... मी धुतला. दुकानातल्या पावतीवर या बाईंचं नाव आहे. ही पट्टी.”

अध्यक्षबाईंनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावलं. नावेचा फोटो होता. त्याच्या शेजारच्या चौकटीत नावाड्याच्या छोट्या आरशात कॅमेरा धरून उभी असलेली एक मुलगी होती. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि भिंग खाली ठेवलं.

“उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही!” मालक गरजले.

“मामा,” तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज स्वच्छ होता. “पाकिटावर ज्याचं नाव, त्याचाच रोल... हे तुम्हीच मला शिकवलंत.”

माइकपासून बाजूला होऊन मालक मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

समितीने डोकी एकत्र केली. बऱ्याच वेळाने निकाल आला – मालकांचं बक्षीस रद्द. मात्र या बाईंनी मुदतीत अर्ज भरलेला नसल्याने यंदा प्रथम क्रमांक कुणालाच नाही.

“म्हणजे फोटो पहिला, आणि मी नियमात बसत नाही?” ती कडाडली. ती तडक पुढे गेली, स्टँडवरची फ्रेम उतरवून बगलेत मारली आणि चालू लागली. तिला कुणी अडवलं नाही. अध्यक्षबाईंनी तर वाटेतली खुर्ची स्वतः बाजूला ओढली.

बाहेर पायऱ्यांवर तो तिच्या मागोमाग आला. पाऊस थांबला होता, झाडांवरून थेंब गळत होते. वहिनी छत्री मिटायच्या निमित्ताने चार पायऱ्या वरच थांबली.

“इतका उशीर का केलास?” ती गर्रकन वळली. रागाच्या भरात ती त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली होती.

“फाटकाशी उभा होतो. तासभर. पाय उचलत नव्हते.”

“तासभर! आणि आत माझी शोभा होत होती!”

“ऐकत होतो. तुझा आवाज फाटकापर्यंत येत होता. शिडी फळबागेत चाललीय म्हणालीस... तेव्हा पाय उचलला.” तोही ‘तू’वर आला होता, आणि त्याच्या ते लक्षातही नव्हतं. “एक सांगू? आधी मला फोटो आवडला होता. नुसता फोटो. त्या दिवशी काचेपुढे तू ओरडलीस ना... तेव्हापासून फोटोकडे नीट लक्षच लागेना.”

तिच्या ओठावर आलेलं भांडण तिथेच अडकलं. एक थेंब तिच्या कपाळावर पडला. तो पुसायला त्याने हात उचलला, अर्ध्यात थांबवला... तिने ती पिवळी बोटं धरून हात खाली घेतला, पण सोडला नाही.

“आता काय करणार तू?”

“माहीत नाही. काम गेलं. संध्याकाळी आईला सांगायचंय.”

“आधी माझ्या घरी चल. दादासमोर सांग, की पंधरा दिवस गप्प बसलास आणि आज तासभर फाटकाशी उभा राहिलास.”

“अगं पण... का?”

“ज्याच्याशी लग्न करायचं, त्याचे दोष घरच्यांना आधीच कळलेले बरे.”

वरच्या पायरीवर वहिनीच्या हातून छत्री निसटली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

“तू... मला विचारतेयस?”

“विचारत नाहीये,” ती लाल होत म्हणाली. “भांडतेय.”

“मग,” तो म्हणाला, “...हो.”