सोळा युनिट आणि वीस किलोमीटर

"बेट वीस किलोमीटरवर आणि बॅटरी बारा किलोमीटरमध्येच संपणार. मग पोचायचं कसं, आजोबा?"

इराने वहीतला हिशेब तिसऱ्यांदा तपासला. उत्तर बदलत नव्हतं.

तिची आई चार महिन्यांपासून कासारी बेटावर होती. तिथली मरत चाललेली प्रवाळं (समुद्रतळाशी दगडासारखी घरं बांधणारे इवले जीव) ती जगवत होती. रोज संध्याकाळी आई फोनच्या पडद्यावर दिसायची, हसायची. पडदा विझला की इरा उगाचच त्यावर हात ठेवून बसायची.

सांडलेल्या तेलाने प्रवाळं मरतात, म्हणून बेटाभोवती डिझेलच्या बोटींना बंदी होती. तेव्हा तिच्या आजोबांनी, बोटींची इंजिनं घडवण्यात हयात घालवलेल्या भास्कर मयेकरांनी, आपली जुनी छोटी लाँच विजेवर चालवायचं ठरवलं. महिनाभर दोघं खाडीकाठी राबली. अवजड इंजिन निघालं, कलिंगडाएवढी मोटर बसली. पंखा (फिरून पाणी मागे ढकलणारी पाती) तोच ठेवला. बोट कलंडू नये म्हणून जड बॅटऱ्या अगदी तळाशी ठेवल्या. त्यांत वीज मावत होती सोळा युनिट. आज खाडीत चाचणी घेतली, तर ताशी बारा किलोमीटर वेगाने सगळी वीज तासाभरात संपली.

"आणखी बॅटऱ्या बसवू या ना!"

"वजन वाढेल, बोट खोल बसेल, वीज अजून जास्त खाईल. त्यापेक्षा पाण्यात हात घाल. सावकाश फिरव. आता जोरात."

"जोरात फिरवला की पाणी हात मागे ढकलतं!"

"त्याला रोध म्हणतात. वेग दुप्पट केला की रोध जवळपास चौपट होतो. शिवाय तो चौपट रोध दुप्पट वेगाने रेटायचा. म्हणजे मोटरची शक्ती (दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा) किती लागेल?"

"आठपट!" इराने पेन्सिल उचलली. "मग वेग निम्मा केला, तर आठवा हिस्सा. तासाला दोनच युनिट! सोळा युनिट आठ तास पुरतील. ताशी सहा किलोमीटर... अठ्ठेचाळीस किलोमीटर! आजोबा, जाऊन परतही येऊ!"

"येऊ. पण जायलाच तीन तासांच्या वर लागतील. तुला दम धरवेल?"

"चार महिने धरलाय की."

शनिवारी पहाटे दोघं निघाली. समुद्र शांत होता. दोन तासांनी बेट दिसलं आणि मग जागचं हलेचना. इराचा हात वेगाच्या दांड्याकडे गेला. थोडासाच पुढे सारला तर? आजोबांनी पाहिलं. तिने हात मागे घेतला आणि घट्ट मुठीत मिटला. नारळाची झाडं वेगवेगळी दिसू लागली, मग एक पांढरी होडी, मग गुडघाभर पाण्यात पाठमोरी वाकलेली आई.

मोटरचा आवाज जेमतेम गुणगुणण्याइतका. आईला चाहूलही लागली नाही.

"आई," इरा हळूच म्हणाली.

आई वळली. हातातली बादली तिथेच सोडून पाणी उडवत धावत आली. इराने लाँचवरून उडी मारून तिला मिठी मारली.

"अजून दोन महिने आहेत गं माझे इथे," आई म्हणाली.

"असू देत," तिच्या ओल्या खांद्यावरून मान न उचलता इरा म्हणाली, "दर शनिवारी येईन. हळूहळू."