आठ मार्कांची खात्री

आजोबांना खोटं ठरवलं, तर समिधा भोईटेला आठ मार्क मिळणार होते. चाळीसपैकी बत्तीस तिच्या पदरात पडल्यासारखेच होते. पण शहरातलं निवासी विद्यालय बत्तिसांना दार उघडत नव्हतं, अडतिसांना उघडत होतं. म्हणजे सहाच पुरे होते. पण दोन मार्क सोडून देईल ती समिधा कसली!

दहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या पेपरात आता कॉपी होत नव्हती. चष्म्याच्या काचेवर उत्तरं उमटायला लागली, दाढेत बसवलेली यंत्रं कानाशी पुटपुटायला लागली, तेव्हा बोर्डाने हात टेकले आणि खात्रीपट्टी आणली. कपाळाला बांधायची, दोन बोटं रुंद. स्वतःला न पटलेलं वाक्य लिहिताना मेंदूला ते किंचित रेटावं लागतं. हा रेटा पट्टी मोजते. उत्तर बरोबर हवं आणि ते पटलेलंही हवं. रेटा दिसला की त्या प्रश्नाला शून्य. त्यामुळे शिकवणीवाले पाठांतर सोडून पटवून देण्याच्या धंद्यात उतरले होते.

समिधाला बाकी सगळं पटत होतं. संसद पटत होती, सहकारी चळवळ पटत होती, कापसाची निर्यातसुद्धा पटत होती. अडत होतं नवव्या धड्यावर. ‘खडकवणी धरण : लोकसहभागाचा आदर्श. ग्रामस्थांनी वाजतगाजत स्थलांतर केले.’ हे लिहायला घेतलं की सराव परीक्षेत पट्टी लाल व्हायची. कारण त्या धरणात बुडालेल्या गावातला एक ग्रामस्थ घरातच खाटेवर बसलेला होता, तिचे आजोबा, आप्पा.

“वाजतगाजत?” आप्पा खेकसले. “चुलीत पाणी शिरलं तेव्हा तव्यावर भाकरी होती आमची. तुझं पुस्तक लिहिणारा जन्मला तरी होता का तेव्हा?”

“मार्क तो देतो, आप्पा. तुम्ही नाही देत.”

“मग त्यालाच आजोबा म्हण.”

“म्हटलं असतं. निदान परीक्षेच्या तोंडावर त्याने मला भाकऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या नसत्या.”

पाच वर्षांची असल्यापासून ती ही भाकरी ऐकत आली होती. तेव्हा मांडीवर बसून ऐकायची. आता ती भाकरी तिच्या प्रगतिपुस्तकात शून्य होऊन बसली होती.

समिधा आप्पांना घेऊन, म्हणजे जवळजवळ ओढत, डॉ. पेंढारकरांकडे गेली. मेंदूच्या डॉक्टर, मार्च आला की त्यांच्या दारात रांग लागायची.

“आठवण काढली की ती कणकेसारखी मऊ होते,” डॉक्टर आप्पांना समजावू लागल्या. “चार तासांत पुन्हा घट्ट होते. मऊ असताना शिथिलक, म्हणजे ही गोळी, पोटात असली, की घट्ट होताना तिच्यातली खात्री गळून जाते. गोष्ट लक्षात राहते, पण पटत नाही. फक्त ज्याने मुळात सांगितली त्यानेच समोर बसून पुन्हा सांगावी लागते.”

“म्हणजे माझ्याच तोंडाने मला खोटं पाडायचं.”

“तुम्ही नाही म्हणू शकता.”

“म्हणून तर बघा,” समिधा म्हणाली. “या धरणग्रस्तांच्या वसाहतीतच राहीन मग. रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्या डोळ्यांसमोर. आणि कुणामुळे राहिले, ते मी तुम्हाला विसरू देणार नाही.”

आप्पांनी डॉक्टरांना एकच विचारलं. “त्या चार तासांत मी जे सांगीन, ते हिला पटेनासं होईल?”

“साधारण तसंच.”

म्हातारा गालात हसला. ते हसू समिधाला दिसलं, पण शरणागतीचं वाटलं.

गोळी घेऊन ती समोर बसली. आप्पांनी घसा खाकरला. “तर काय सांगत होतो... आम्ही वाजतगाजत निघालो. पुढे लेझीम. साहेबांनी हार घातले. बायकांनी धरणाला ओवाळलं.”

“आप्पा, हे पुस्तकातलं आहे!”

“मग? तेच पाहिजे ना तुला?”

एक एक ओळ त्यांनी चवीने सांगितली. हिशेब साधा होता. गळायची तर पुस्तकाची खात्री गळू दे. भाकरी तव्यावर शाबूत राहील. डॉक्टर मध्येच काही बोलणार होत्या, पण बाहेर अजून अकरा मुलं बसली होती.

परीक्षेत पट्टी एकदाही लाल झाली नाही. चाळीसपैकी चाळीस.

निकालाच्या दुपारी आप्पा एकटेच दवाखान्यात जाऊन भांडले. “मी तर पुस्तकच सांगितलं होतं! ते कसं पटलं तिला?”

“पुस्तक तिला पुस्तकातून पटलं,” डॉक्टर म्हणाल्या. “आजोबा, लहान मूल आधी गोष्टीवर नाही, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतं. तुमच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्याचं मूळ एकच, तुमचा आवाज. तो ऐकताच ते मूळच मऊ झालं. मग त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता, याला काही महत्त्वच नव्हतं.”

“मग आधी का नाही बोललात?”

“साधारण म्हटलं होतं मी.”

ते घरी आले तेव्हा समिधा बॅग भरत होती.

“पोरी,” ते दारातून म्हणाले, “परीक्षेआधी रागावून बोललो, पण आनंद झालाय मला. खरंच.”

तिने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. पाहुण्यांशी हसावं तसं ती हसली आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, “आई, आप्पा म्हणतायत त्यांना आनंद झालाय. असेल का गं?”

आप्पा खाटेवर टेकले आणि मनातल्या मनात मोजू लागले. बोर्डाला पटलेलं एक उत्तर मिळालं. पोरीला आठ मार्क मिळाले आणि शहर मिळालं. डॉक्टरांना पुढचा मार्च होताच. आणि नातीने त्यांचा शब्द खरा मानावा असा शेवटचा एक तास त्यांच्या हातात होता. तो त्यांनी साहेबांच्या हारांवर आणि लेझमीवर घालवला होता.