ठिपका दिसला की सांग

ती दुकानात शिरली ती थेट चष्म्यांच्या फिरत्या स्टँडवर. स्टँड डोलला, आता सावरतो असं वाटलं, आणि मग चाळीसेक फ्रेमा खडखडत फरशीवर आल्या.

"हे इथे कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"माझ्या जन्माच्या आधीपासून," काउंटरमागचा मुलगा म्हणाला.

"मग मला कसं नाही दिसलं?"

"दाराकडे न बघता शिरलं की असंच होतं."

"बघतच शिरले. बरं, आता उभा काय आहेस? उचल."

दोघं गुडघ्यांवर बसून फ्रेमा वेचू लागले. ती समोरच्या तेवढ्या उचलत होती. तिच्या गुडघ्यालगत, जरा बाजूला पडलेल्या तशाच राहत होत्या. आळशी दिसते, असं त्याला वाटलं. हे वाटणं पुढे त्याला फार दिवस टोचत राहिलं.

ती वडिलांच्या काळ्या चष्म्याची मोडलेली काडी बसवून घ्यायला आली होती. तोंडओळख होतीच. दोघं कॉलेजच्या एकाच वर्गात, दुसऱ्या वर्षाला. वर्गात त्याला सगळे 'नंबर' म्हणायचे, कारण कोणाचाही चष्मा हातात न घेता तो त्याचा नंबर सांगायचा. तिचं नाव 'धडक' होतं. बाक, दरवाजा, पाण्याची बादली, प्राचार्य... तिने कशालाही सोडलं नव्हतं. ती स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायची, म्हणून बाकीचेही मोकळेपणाने हसायचे.

त्याच आठवड्यात जीवशास्त्राच्या बाईंनी वर्गात वाद लावला. जीवसृष्टी कोणी निर्माण केली, की ती हळूहळू बदलत, उत्क्रांत होत आली? चिठ्ठ्या काढल्या. त्याच्या वाट्याला उत्क्रांती, तिच्या वाट्याला निर्माता.

"आणि माझा एक नियम आहे," बाई म्हणाल्या. "आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. असं मांडायचं, की तो म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. त्याने मान हलवली तरच आपलं बोलायचं. नाही हलवली तर बसायचं खाली."

म्हणजे तयारी एकत्र करणं आलं. ग्रंथालयात बोलायची बंदी होती, म्हणून ती रोज कॉलेज सुटलं की दुकानात येऊ लागली. मागच्या बाजूला, जिथे त्याचे बाबा काचा घासायचे, तिथे एक लांब बाकडं होतं. त्याची आई जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून बाबा गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलायचे आणि मुलाशी तेवढंही नाही. घासायच्या यंत्राची घरघर तेवढी चालू असायची.

"माकडाचा माणूस झाला म्हणतोस ना? तुझ्याकडे बघून पटतं," ती म्हणायची.

"माकडाचा नाही झाला. त्यांचा आणि आपला पूर्वज एक. नीट मांड, नाहीतर मान हलवणार नाही."

"बरं. आता माझं तू मांड."

"देवाने सगळं केलं. संपलं."

"असं तोंड वाकडं करून? पुन्हा!"

तो पुन्हा मांडायचा. ती हाताची घडी घालून ऐकायची, ओठ दाबून, डोळे त्याच्यावर रोखून. ती बघायची तेव्हा अगदी सरळ बघायची. इकडेतिकडे नजर नाही. असं आपल्याकडे आजवर कोणी बघितलं नाही, असं त्याला वाटायचं, आणि मग तो दोन मुद्दे विसरायचा.

"डोळा घे," एके दिवशी ती म्हणाली. "पडदा आहे, बाहुली आहे, उजेड वाढला की ती आपोआप लहान होते. एवढं नेमकं यंत्र कोणी न करता झालं?"

"एवढं नेमकं असतं तर आमचं दुकान कशाला चाललं असतं?"

घरघर थांबली. बाबा हसत होते. आवाज न करता, पण खांदे हलत होते. मुलाने आठ महिन्यांत पहिल्यांदा ते पाहिलं आणि त्या क्षणी त्याला ती इतकी आवडली, की त्याने उगाचच वही बंद केली आणि परत उघडली.

मग त्याने जिंकायचा मुद्दा शोधला. डोळ्याच्या पडद्यावरचे सगळे मज्जातंतू एका जागी गोळा होऊन मागे जातात, आणि त्या जागी काहीच दिसत नाही. प्रत्येक डोळ्यात एक आंधळा डाग. कोणी विचार करून यंत्र केलं असतं तर मध्येच असं भोक ठेवलं असतं का? शिवाय हे वर्गात दाखवता येत होतं. कागदावर डावीकडे एक फुली, चार बोटं सोडून उजवीकडे एक ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडे बघायचं आणि कागद जवळ आणायचा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणला की परत येतो.

"ये, आधी तुझ्यावर करून बघतो," तो म्हणाला.

"उंदीर समज मला. कर."

तिने डावा डोळा झाकला. त्याने कागद हातभर लांब धरला आणि पुढे आणू लागला.

"गेला," ती म्हणाली.

"इतक्यात? बरं. आता ठिपका दिसला की सांग."

कागद पुढे आला.

"दिसला?"

"नाही."

आणखी पुढे.

"आता?"

"नाही रे."

कागद तिच्या नाकाला लागला. ती हसायला लागली. "तुझा ठिपका पळून गेला! हा घे तुझा पुरावा. हरलास."

"तू फुलीकडे बघत नव्हतीस. दुसरा डोळा कर."

दुसऱ्या डोळ्याचंही तेच. तोही हसत होता, आणि हसतच त्याने कागद हलवून पाहिला, "अगं, एवढा मोठा ठिपका..." इतक्यात त्याच्या लक्षात आलं की यंत्र बंद आहे आणि बाबा उठून जवळ आले आहेत.

"पोरी," बाबा म्हणाले, "तिन्हीसांजेला जिन्यात चाचपडायला होतं का गं?"

तिचं हसू तसंच राहिलं, नुसतं तोंडावर. "होतं, काका."

"लहानपणापासून?"

"दोन-तीन वर्षं झाली." मग ती कागदाकडे बघत म्हणाली, "अण्णांचंही असंच सुरू झालं होतं."

अण्णा म्हणजे तिचे वडील. बस चालवायचे. चाळिशीच्या आत त्यांना गाडी सोडावी लागली होती, आणि आता ते काळा चष्मा लावून खिडकीशी बसायचे. मुलांनाही होऊ शकतं, असं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात ते वाक्य पुन्हा कोणी उच्चारलं नव्हतं.

बाबांनी डोळ्यांच्या इस्पितळाला चिठ्ठी लिहून दिली. तिने ती घडी करून वहीत ठेवली, आणि जाताना दाराशी दोन्ही हात पुढे धरून गेली. स्टँडला अजिबात लागली नाही. त्याला ते बघवलं नाही.

त्यानंतर ती आली नाही. कॉलेजातही नाही. चार दिवस, सहा, नऊ. वाद पुढच्या सोमवारी होता. त्याने वही उघडली, तर पहिल्याच पानावर आंधळ्या डागाची आकृती होती, खाली दोन रेघा मारून 'हा मुद्दा शेवटी'. त्याने पान टराटरा फाडलं. आपणच तिला आंधळं केलं, असं त्याला वाटत होतं. डोक्याला कळत होतं की हे खोटं आहे. त्याने काही फरक पडत नव्हता.

"नसतं बघितलं तर बरं झालं असतं," तो बाबांना म्हणाला. "औषध नाहीच आहे. मग कळून काय मिळालं?"

बाबांनी हातातली काच पुसली. "तुझ्या आईचं आपल्याला शेवटच्या महिन्यात कळलं. आधी कळून ती वाचली नसतीच. पण आजार आत वाढत होता त्या दोन वर्षांत मी तिच्याशी दुकानाच्या भाड्यावरून किती भांडलो रे." त्यांनी काच उजेडात धरली. "निदान तेवढं तरी नसतो भांडलो."

यंत्र सुरू झालं.

शनिवारी दुपारी ती आली. बाहेर भुरभुर पाऊस होता, केसांवर थेंब होते. दारात थांबून तिने मान डावीकडे, मग उजवीकडे वळवली, आणि मगच पाऊल आत टाकलं. अशी चालताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"इस्पितळात एका मोठ्या वाडग्यात तोंड घालायचं," बसत ती म्हणाली. "आतमध्ये उजेडाचे ठिपके येतात. हातात बटण. तिथली बाई म्हणते, ठिपका दिसला की दाबा. मी दाबायचं विसरले असेन म्हणून तिने तीनदा केलं. बिचारी." ती जरा थांबली. "पस्तिशीपर्यंत दिसेल म्हणाले. फार तर चाळिशी. आता जे आहे ते नळीतून बघितल्यासारखं आहे, ती नळी अरुंद होत जाणार."

ती त्याच्याकडे बघत होती, तसंच सरळ. ही सरळ नजर म्हणजे काय होतं, ते त्याला आता कळलं. आपल्याला वाटायचं तसं ते नव्हतंच. ती बाजूचं बघूच शकत नव्हती.

"वहीतलं पान कुठंय?"

"फाडलं."

"का?"

"तो मुद्दा मी बोलणार नाही."

"जिंकणारा मुद्दा होता तो."

"असू दे."

"हे बघ, माझी कीव करून हरलास ना, तर तोंड बघणार नाही तुझं. आणि माझ्याकडे तोंड बघायचे दिवस मोजके आहेत, तेव्हा विचार कर." ती हसली, आणि हसता हसता थांबली. तिने वही डोळ्यांसमोर धरली. तो आणि बाबा, दोघंही दुसरीकडे बघत राहिले.

सोमवारी वर्ग भरला होता. आधी ती उठली. नियमाप्रमाणे आधी त्याची बाजू.

"याचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की डोळा कोणी नीट बसून केलेला नाही. पिढ्यांमागून पिढ्या जे चालून गेलं ते टिकलं, चुकांसकट. चुका आईबापांकडून पोरांकडे येतात. माझ्या वडिलांकडून मला आली आहे. मला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. काही वर्षांनी समोरचंही दिसणार नाही. मी तुमच्या बाकांना धडकायचे ना, ते यामुळे. असा डोळा कोणी करेल का, असं याचं म्हणणं आहे."

मागच्या बाकावर कोणाचं तरी पेन पडलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

"बरोबर मांडलं?" तिने त्याच्याकडे वळून विचारलं.

मान हलवायची होती. एवढंच. पण ती हलवली म्हणजे ते खरं झालं असतं, पस्तिशी, नळी, सगळं. तो नुसता बघत राहिला.

"अरे, मान हलव," बाई हळूच म्हणाल्या. "तिला पुढे बोलायचंय."

त्याने हलवली. आजवर कधी इतकं जड काही उचललं नव्हतं.

"आता माझं," ती म्हणाली. "तरीही कोणीतरी केलं असावं असं मला वाटतं. पुरावा नाही माझ्याकडे. पण कोणीच नसेल तर मी भांडू कोणाशी? गेले बारा दिवस मी भांडते आहे. समोर कोणीतरी हवं. झालं माझं."

मग तो उठला. "तिचं म्हणणं, डोळा छान आहे म्हणून तो कोणी केला, असं नाही. तिला जाब विचारायचा आहे. आणि ज्याला जाब विचारायचा, तो असायला तरी हवा." त्याने तिच्याकडे पाहिलं. "बरोबर?"

तिने मान हलवली नाही.

"अर्धंच," ती म्हणाली.

"मग उरलेलं?"

"तुझं तू शोध."

नियम म्हणजे नियम. तो खाली बसला. आपली बाजू त्याला मांडताच आली नाही. बाईंनी निकाल दिला नाही. खडू ठेवला, हात झटकले, आणि तास संपायच्या आधीच वर्ग सोडला.

संध्याकाळी तो तिला घरापर्यंत सोडायला निघाला. पाऊस लागून होता, छत्री एकच होती, रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते. ती त्याच्या बाहीला धरून चालत होती. हे तिने विचारून केलं नव्हतं आणि त्यानेही काही म्हटलं नव्हतं.

"उरलेलं अर्धं सांग," तो म्हणाला.

"हरल्यावर सांगायचं नसतं."

"सांग ना."

ती थोडं चालली. "जाब विचारायचाय ते खरंच. पण तुमच्या त्या स्टँडवर मी धडकले नसते, तर..." ती थांबली. "त्या एका गोष्टीसाठी मला आभारही मानायचेत. त्यालाही कोणीतरी हवं ना."

"धडकलीस तू. श्रेय त्याला कशाला?"

"गप रे! नीट बोलतेय मी."

तिने बाही घट्ट धरली होती, बोटं गार पडली होती.

"मी हिशेब केला," ती म्हणाली, आता अगदी हळू. "तुझं तोंड मला पंधरा वर्षं दिसेल. जास्त नाही. मग मी अण्णांसारखी खिडकीशी. चिडचिडी होईन, ते होतात तशी. आई किती थकली आहे ते तू बघितलेलं नाहीस. म्हणून आत्ताच विचारते, नंतर नाही विचारणार... तुला चालेल?"

त्याने मान हलवली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

ती पुढे चालत राहिली, समोर बघत. चार पावलं गेली, दहा गेली. तिची बोटं बाहीवर सैल होऊ लागली. "बरं," ती म्हणाली. "कळलं मला."

आणि तेव्हा त्याला आठवलं, की तो तिच्या बाजूला आहे.

"हो!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस वळून बघायला लागला. "हो. हो म्हणतोय मी. मगापासून हो म्हणतोय."