सभासद क्रमांक चौसष्ट

वैशाखातल्या भर दुपारी गंगाखेडच्या रस्त्यावर एक तर कुत्रं दिसावं, नाहीतर भूत. पंचफुलाला त्या दिवशी दिसली सायकल, आणि तीही अंगावर येईपर्यंत दिसली नाही. वाचनालयाच्या पायरीशी करकचून ब्रेक लागला, कॅरियरवरचा गठ्ठा सुटला आणि पंधरा-वीस पुस्तकं तिच्या पायाशी येऊन पडली.

"लागलं काय?" सायकलवाल्यानं घाबरून विचारलं.

"मला न्हाई. पुस्तकांना इचारा."

तो खरंच खाली बसला आणि एकेक पुस्तक उचलून त्याची पाठ चाचपून पाहू लागला. पंचफुलाला हसू आवरेना. चोवीस-पंचवीसचा सडपातळ पोरगा, बोटांची टोकं निळसर, आणि अंगाला कसलासा आंबूस वास... खळीचा. ती स्वतः कन्याशाळेत मास्तरीण होती, तक्ते चिकटवायला असली खळ तिनं कितीदा शिजवली होती.

"तुमी बाइंडर का?"

"हाव. लिंबाजी. फाटलेलं शिवतो, सुटलेलं बांधतो."

"आन् वाचता बी?"

"छ्या! मला भ्या वाटतं." हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, तिनं उचललेल्या पुस्तकाकडे बघत होता. नव्या कोऱ्या पुठ्ठ्याचं, पण आतलं नावाचं पान केव्हाच गळून गेलेलं जाडजूड पुस्तक. "ते... ते नका नेऊ."

"का बरं?"

"त्याची... खळ वाळायची हाय अजून."

नको म्हटलं की तेच करायचं, हा पंचफुलाचा स्वभाव. तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि पायऱ्या चढली. मागे वळून पाहिलं तेव्हा तो गठ्ठा धरून तसाच उन्हात उभा होता, आणि तिला उगाचच बरं वाटलं.

या वाचनालयाची एक रीत सांगायला हवी. लोक पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर शेरे लिहून ठेवत, म्हणून दोन वर्षांपूर्वी ग्रंथपाल बन्सीधरकाकांनी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक वेगळा कागद चिकटवायला सुरुवात केली होती. जे काय वाटलं ते त्यावर लिहा, नाव लिहू नका, खाली सभासद क्रमांक टाका. बहुतेकांचं एका ओळीत भागायचं. 'बरी आहे. — ४१.' 'शेवट आधीच कळला. — १७.'

चौसष्ट नंबरचं तसं नव्हतं. तो नुसत्या काळ्या, अंगावर येणाऱ्या कादंबऱ्या वाचायचा. 'खुनी कोण ते विसाव्या पानावरच कळलं, पण त्याची म्हातारी आई घरी वाट बघते हे दोनशेव्या पानावर कळलं. दोन दिवस घास उतरला नाही. — ६४.' पंचफुलानं त्याखाली लिहिलं होतं, 'मला तर खुनी आवडला. — २०८.' महिन्याभरानं तेच पुस्तक सहज हाती आलं, तर खाली उत्तर : 'दोनशे आठ यांनी जपून राहावं. — ६४.'

भीतीच्या कादंबऱ्यांना गावात मागणी भारी. त्या सारख्या फाटायच्या, शिवायला जायच्या, परत यायच्या, आणि प्रत्येक खेपेला चौसष्ट नंबर काहीतरी बोलून गेलेला असायचा. सहा महिन्यांत पंचफुला त्याच्या प्रेमात पडली. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःशी साफ कबूल केलं होतं.

आणि आता घाई होती. ताडकळसचं स्थळ चालून आलं होतं. मुलगा ग्रामसेवक, घरदार चांगलं. बघायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, "कादंबऱ्या वाचता म्हणे? लग्नानंतर त्याला येळ भेटणार न्हाई." वडील भगवानराव प्राथमिक शाळेत शिक्षक, पोरीला न विचारता काही करणारे नव्हते. पण सोमवारपर्यंत हो का नाही ते सांग, एवढं त्यांनी बजावलं होतं.

म्हणून त्या दुपारी तिनं धीर करून विचारलंच.

"काका, चौसष्ट नंबर कोणाचा वो?"

बन्सीधरकाकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी मान वर न करता रजिस्टर पुढे सरकवलं. "चौसष्ट? किशन. लय वाचायचा. गोदावरीत पवायला गेला... चार वर्सं झाली बघ."

रजिस्टरात चौसष्टव्या ओळीवर तांबड्या शाईची रेघ होती. कडेला लिहिलेलं : मयत.

अभिप्रायाचे कागद लागायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि माणूस जाऊन चार. तिनं तिथंच हातातल्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. कागद नवा करकरीत, अक्षर ओळखीचं, शाई ताजी. 'पान एकशे एकतीस एकट्यानं वाचू नये. दुपारी तर मुळीच नाही. — ६४.'

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ते पान वाचत बसली. घरी एकटीच.

कादंबरीत नदीकाठचं एक गाव होतं. रोज उन्हं डोक्यावर आली, घाट ओस पडला, की एक बाई तिथं केस धुवायला यायची. पुजारी तिला ओळखायचा, नावाडी हाक मारायचा. एकशे एकतिसाव्या पानावर एक लहान मुलगी तिच्या शेजारी वाकून पाण्यात बघते. पाण्यात आभाळ असतं, घाटाच्या पायऱ्या असतात, मुलीचा चेहरा असतो... आणि शेजारी कोणीच नसतं.

पंचफुलानं पुस्तक पालथं ठेवलं. बाहेर ऊन फटफटीत, गल्लीत चिटपाखरू नाही, पत्र्यावर झळांचा बारीक कडकड आवाज. ती उठली, तांब्या घेऊन रांजणाशी गेली, झाकण काढलं आणि आत वाकली. काळोख होता. चेहरा नव्हता.

पाणी तळाला गेलं होतं, एवढंच. पण तांब्या हातातून पडला तो पडलाच. बराच वेळ ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि भीतीच्याही खालून तिला रडू आलं. जो आपल्यासारखा वाचतो, आपल्यासारखा भितो, असा जगात एकच भेटला, आणि तोही रजिस्टरात तांबड्या रेघेखाली. मेलेल्यासाठी ताडकळसला नाही कसं म्हणायचं?

तिनं दौत पुढे ओढली आणि त्या कागदावर लिहिलं : 'तुम्ही जिवंत आहात का? सोमवारच्या आत सांगा. — २०८.'

खळ वाळायची होती हे मात्र खरं निघालं. वाचता वाचताच पुठ्ठा निखळून तिच्या हातात आला. गुरुवारी बन्सीधरकाकांनी कुरकुरत ते पुस्तक पुन्हा शिवायच्या गठ्ठ्यात टाकलं. शनिवारी ती जाऊन बसली तेव्हा ते टेबलावर आलेलं होतं. कागद तोच होता, फक्त वरच्या कडेला नुसता टेकवल्यासारखा डकवलेला. तिच्या प्रश्नाखाली एकच शब्द होता.

'अर्धा. — ६४.'

अर्धा म्हणजे? अर्धा माणूस कुठं राहतो, अर्ध्या माणसाला घरी कोण बोलावतं? पंचफुलानं पान नाकाशी नेलं. का नेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. आंबूस वास आला. खळीचा. आणि कागदाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा फिकट ठसा होता, निळा.

रविवारी दुपारी ती नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत शिरली. लिंबाजीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दगडाखाली दाबून ठेवलेली पुस्तकं, दाभण, दोरा, आणि चुलाणावर शिजणारी खळ. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एका तरण्या पोराचा फोटो होता, अगदी लिंबाजीसारख्या डोळ्यांचा. घटकाभर पंचफुलाला दोघांतला जिवंत कोण तेच कळेना.

"जय भीम," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मी दोनशे आठ."

लिंबाजीच्या हातातला दाभण थांबला. "ठावं हाय मला. रजिस्टर शिवायला बी माझ्याकडंच येतंय."

"मंग मला काहून भेडवलंत? सहा महिने मी एका मेलेल्या माणसासाठी..." पुढचं तिनं गिळलं.

"मेलेल्या माणसासाठी काय?"

"आधी तुमी सांगा. अर्धा म्हंजे काय?"

तो उठला आणि फोटोखालच्या कोनाड्यातून एक वही काढून आणली. "दादानं यादी केली व्हती. वाचायच्या राहिलेल्या पुस्तकांची. चाळीस नावं. तो गेला, आन्... मंग मी वाचायला लागलो. त्याच्या वाटचं. कागदावर नंबर लागायचा, तर त्याचाच टाकला. अर्धं त्याचं, अर्धं माझं." त्यानं वहीवरून हात फिरवला. "दादाला काय वाटलं असतं, तसंच लिहायचो आदुगर. मंग दोनशे आठ आली. तिला उत्तरं दिली ती माझी हायती."

"समदी?"

"समदी."

खळीला उकळी आली होती. कोणी ढवळायला उठलं नाही.

"मला तर म्हनलात वाचत न्हाई. भ्या वाटतं म्हनलात."

"भ्या वाटतं हे खरंच हाय. यादीत शेवटी दादानं 'नाव न्हाई, जाडजूड' एवढंच लिवलंय, ती हीच कादंबरी. एकशे एकतिसावर अडकलोय दोन महिने झाले." त्यानं मान खाली घातली. "आन् नुसतं भ्या न्हाई. ही संपली की चौसष्ट नंबर संपला. दादा पुन्हा जाईल. तुमी बी जाल. दुसरीकडं बोलायचं कुठं तुमच्याशी?"

पंचफुलानं काल वाचनालयातून आणलेलं ते पुस्तक पुढे केलं. त्यानं ते घेतलं, शेवटचा कागद हलक्या हातानं वर उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"पुठ्ठा काढला तवा ह्यो कागद बी सुटला. खाली बघा. परवाच घावलं मला."

कागदाच्या खाली जुनं कोरं पान होतं, आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, पुसट झालेलं दुसरंच अक्षर. लिंबाजीपेक्षा उभट, घाईचं. म्हणजे किशननं ही कादंबरी वाचली होती. यादीत नुसती खूण करायची राहून गेली होती. तिनं आपला प्रश्न बरोबर त्याच्यावर लिहिला होता. तुम्ही जिवंत आहात का? आणि खाली, चार वर्षांपूर्वीचं :

'फार भारी. पण पान १३१ माझ्या धाकट्या भावाला एकट्याला वाचू देऊ नये. तो घाबरतो. कोणीतरी जवळ बसावं.'

दुकानात झळ येत होती तरी दोघांनाही हुडहुडी भरल्यासारखं झालं. लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला त्यानं खळीत पळी फिरवायचं नाटक केलं. पंचफुला फोटोकडे बघत होती. तिला वाटलं, या माणसानं नदीवर जायच्या आधी घरात कोणाची सोय लावून ठेवली असेल तर ती हीच.

ती उंबऱ्यावर टेकली, दार सताड उघडं ठेवलं आणि एकशे एकतिसावं पान काढलं.

"तुमी शिवा," ती म्हणाली, "मी वाचते."

"मोठ्यानं?"

"लय मोठ्यानं. भ्या वाटलं तर सांगा."

"सांगून काय होईल?"

"...मी आणखी जवळ सरकीन."

लिंबाजीनं दाभण उलटाच धरला होता, हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

उन्हं कलेपर्यंत वाचन चाललं. ती लहान मुलगी पुढे रोज घाटावर येते, न घाबरता त्या बाईशेजारी बसते, तिच्याशी बोलते. आणि शेवटच्या पानावर पाण्यात हळूहळू दुसरा चेहरा उमटतो. वाचून झालं. मग लिंबाजीनं यादीतल्या चाळिसाव्या नोंदीपुढे खूण केली आणि वही कोनाड्यात ठेवून दिली.

सोमवारी सकाळी पंचफुलानं वडिलांना सांगितलं, "आबा, ताडकळसला न्हाई कळवा."

भगवानरावांनी पेपर खाली ठेवला. "दुसरं कोणी हाय काय मनात?"

"हाय. दुपारी घेऊन येते. आधी त्याला एक नंबर काढून द्यायचाय."

आई सरजाबाई स्वयंपाकघरातून ओरडली, "कसला नंबर?" पण तोवर ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

वाचनालयात बन्सीधरकाकांनी नव्या सभासदाचा अर्ज टेबलावर ठेवला. नाव : लिंबाजी. सभासद क्रमांक : दोनशे नऊ, कारण दोनशे आठनंतर कोणी आलंच नव्हतं. नव्या सभासदाला जुन्या सभासदाची ओळख लागे. तो रकाना पंचफुलानं भरला. पुढचा रकाना होता, 'अर्जदाराशी नाते'. तिथं तिचा टाक थांबला.

"काय लिहू?" तिनं हळूच विचारलं.

"जे हाय ते," लिंबाजी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तिनं एका दमात लिहिलं आणि अर्ज उलटा करून ठेवला. बन्सीधरकाकांनी तो सुलटा केला, भिंग डोळ्याला लावलं आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचलं :

"अर्जदाराशी नाते... एकट्याला वाचू न देणारी."