खांबाखालची गर्दी

लोकांना नेटवर्क हवं असतं, अँटेना नको असतो. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर बुटाच्या खोक्याएवढे अँटेने बसवणं हे माझं काम. मोठ्या टॉवरवर भार फार झाला की हे छोटे डबे तो वाटून घेतात. एवढी साधी गोष्ट, पण समजायला डोकं लागतं आणि तिथेच सगळं अडतं. मामीच्या गल्लीत डबा बसवला तेव्हा तिच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा शिंपी तणतणत आला. म्हणे, याच्या लहरींनी माझ्या मशीनचा दोरा तुटतो. डब्याला वीज अजून जोडलेलीच नव्हती. मी त्याला ते सांगितलं नाही. बोंबलू दे म्हटलं.

मामीकडून मात्र ही अपेक्षा नव्हती. तिच्याच घरी राहून मी शिकलो. मामा गेल्यापासून ती त्याच इमारतीत, शिंप्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. खांब तिच्या खिडकीसमोरच.

डबा सुरू झाला त्या आठवड्यात तिनं मला बोलावून घेतलं. "तेवढा काढून टाक रे तो. खाली माणसं उभी राहतात. दिवसभर, वर बघत."

"कोण माणसं?"

"मला काय ठाऊक? बोलत नाहीत काही. घर आपलं वाटेनासं झालंय बघ."

मी खिडकीतून डोकावलो. भर दुपार. खांबाखाली कुत्रंसुद्धा नव्हतं. एकटं राहून म्हातारीचं डोकं फिरायला लागलंय, असं मी ठरवून टाकलं आणि तिला मोठा टीव्ही घेऊन द्यायचं कबूल केलं.

ऑफिसात संगणकावर पाहिलं तर डबा गच्च भरलेला. किती फोन जोडलेत आणि ते साधारण किती लांब आहेत, हे डबा सांगतो. गल्लीतली सगळी बिऱ्हाडं धरली तरी एवढे फोन होत नव्हते. शिवाय सगळे एकाच जागी, खांबाच्या बुडाशी. यंत्र काहीतरी बरळतंय म्हणून साहेब हसला, मीही हसलो. आमच्या धंद्यात अशा वेळी कोणी का म्हणून विचारत नाही. भरलं की वाढवायचं, बस्स.

दुसरा डबा मी मामीच्या गॅलरीत लावला.

"माझ्या घरात आणू नकोस रे त्यांना," ती माझा हात धरून म्हणाली.

"त्या शिंप्यासारखं बोलू नकोस, मामी. तू तरी." मी हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकावर पाहिलं तर खांबावरचा डबा रिकामा. एकही फोन नाही. गॅलरीतला डबा मात्र काठोकाठ भरलेला, आणि सगळे फोन अगदी त्याला चिकटून. मला आनंद झाला. खाली आता कोणी नाही हे मामीला दाखवावं, म्हणून मी लगेच निघालो.

शिंपी मशीन बंद करून छताकडे बघत बसला होता.

"वर किती पाहुणे आलेत हो? पहाटेपासून नुसते पाय वाजताहेत."

मूर्ख, असं मनात म्हणत मी जिना चढलो. जिन्यात कोंदट वास होता, पावसात भिजलेल्या कपड्यांचा. बाहेर कडक ऊन होतं.

मी दार वाजवलं. बऱ्याच वेळानं ते वीतभर उघडलं.

मामी फटीत अंग चोरून उभी होती, कोपर पोटाशी घट्ट धरून. तिच्या मागे खोली रिकामी दिसत होती. पलंग, खुर्ची, उघडी गॅलरी.

"मामी, दार उघड ना नीट."

"उघडत नाही रे. आत जागा नाही."

मला भीती वाटली, आणि तिचा काल सोडवलेला हात आठवून लाजही वाटली. "चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. डबा काढतो मी."

"आता कसला काढतोस?"

मग तिनं मान वळवली आणि मागे बघून, दमलेल्या आवाजात म्हणाली, "जरा सरकून घ्या हो. भाचा आलाय माझा."

पलंगावरची चादर एका बाजूनं हळूहळू दबत गेली. कडेला एका माणसापुरती जागा झाली.